यंत्र आले, पण घड्याळ कुणाच्या हाती?

तिवस्याहून अमरावतीकडे निघालेल्या सकाळच्या एसटीत कधी बसून पाहा. आपल्या वस्तीचे बदललेले जग तिथे दिसते. कुणी बांधकामावर निघालेला, कुणी नांदगाव पेठच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे, तर कुणाची मुलगी कॉम्प्युटरच्या क्लासला. पंचवीस वर्षांपूर्वी याच गाडीने आम्ही टायपिंगच्या क्लासला जात होतो. मराठी तीस, इंग्रजी चाळीस पास झाले की घरी पेढे वाटले जात. टायपिंग म्हणजे नोकरीचा दरवाजा, असा त्या काळचा समज होता आणि तो खोटाही नव्हता. त्याच दरवाजातून मी कारकून झालो. आज ती टाइपरायटरची मशीन कचेऱ्यांच्या अडगळीत पडली आहेत. मग आपल्या लेकरांचा दरवाजा कोणता?

यंत्राने माणसाचे काम जाते, ही भीती नवी नाही. परंतु आपल्या समाजाने यंत्राची आणखी एक बाजू भोगली आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त होता. तिथे धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्ही तोंडाला कसा लावावा, असे म्हणून आपल्या माणसांना त्या खात्याबाहेर ठेवले गेले. धोटा इंग्लंडातून आला होता, विटाळ इथलाच होता. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. यंत्र नवे आले म्हणून त्याच्याभोवतीची माणसे आपोआप नवी होत नाहीत, हा त्यातला धडा आहे.

तरीही बाबासाहेब यंत्राच्या विरोधात कधीच नव्हते. १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींवर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवायचे असेल, त्याला वाचायला, विचार करायला फुरसत द्यायची असेल तर यंत्र हवे. दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, असा त्यांचा विचार होता. तो विचार त्यांनी कायद्यातही आणला. १९३४ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ५४ तास काम होते आणि जिनिंगसारख्या हंगामी कारखान्यांत ६० तास. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी १९४६ साली दुरुस्ती मांडली आणि हे तास अनुक्रमे ४८ आणि ५० झाले. आपल्या वऱ्हाडातल्या जिनांत राबणाऱ्या आज्या-आजोबांच्या पदरात ती फुरसत पडली. किती घरांना हे माहीत आहे?

आयाबायांचे काम कुठे गेले?

त्याच जिनांत पूर्वी बाया टोपल्यांनी कापूस वाहून गिनावर टाकीत. २००० साली केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि जुन्या जिनांचे आधुनिकीकरण झाले. आता हवेच्या नळ्या कापूस ओढून नेतात. नाकातोंडात जाणारी रुई कमी झाली हे चांगलेच; पण टोपलीसोबत त्या बायांची मजुरीही गेली. शेतात तणनाशकाची फवारणी आली आणि निंदणाचे दिवस घटले. सोयाबीन थ्रेशरमधून निघू लागले. कापूस वेचायचे कष्टाचे काम मात्र अजून आपल्या आयाबहिणींच्याच बोटांवर आहे. यंत्र आले की त्याचा चालक पुरुष होतो आणि उरलेले वाकून करायचे काम बाईकडे राहते. मग आपल्या मुलीने ट्रॅक्टर, शिलाईचे मोठे यंत्र किंवा कॉम्प्युटर का शिकू नये? नांदगाव पेठला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होणार आहे. २० सप्टेंबर २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. तिथे आपल्या मुली झाडू मारायला जाणार की यंत्र चालवायला, हे आज घरात ठरणार आहे.

वतनाची हाक आणि मोबाइलची घंटी

आपल्या आजोबांना महारकीचे काम होते. त्याला वेळ नव्हती. रात्री-बेरात्री पाटलाची हाक आली की उठायचे, सरकारी टपाल घेऊन दुसऱ्या गावी चालत जायचे; मोबदला म्हणाल तर तुटपुंजे वतन आणि बलुते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाचे बिल आणले, ते या गुलामीविरुद्ध.

आता रात्री दहा वाजता मोबाइल वाजतो. ग्रुपवर साहेबांचा मेसेज असतो, उद्या सकाळपर्यंत माहिती पाठवा. माणूस जेवणाच्या ताटावरून उठतो. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाइलच्या फोटोवर आली. दिवसातून दोन फोटो निघाले नाहीत, रेंज गेली, तर घाम गाळलेल्या बाईची हजेरी धोक्यात. हाक मारणारा बदलला, हाक तीच राहिली. वेळेचे बंधन नसलेल्या कामाला आपली माणसे वेठ म्हणत आली आहेत, आणि मोबाइलवरची वेठ ही वेठच.

एकच काम, दोन पगार

मी पाहिलेल्या एका कचेरीतली गोष्ट सांगतो. दोन टेबले शेजारी-शेजारी. एकावर कायम कारकून, दुसऱ्यावर एजन्सीमार्फत आलेला आपलाच एक बीकॉम झालेला मुलगा. काम सारखेच, उलट कॉम्प्युटर त्यालाच जास्त येतो. पगार तिसरा हिस्सा, रजा नाही, आणि प्रॉव्हिडंट फंड कापतात की नाही हे त्यालाच ठाऊक नव्हते. बोलला तर उद्यापासून येऊ नको. ६ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने नऊ खाजगी एजन्सींमार्फत भरतीचा निर्णय काढला, तेव्हा आरक्षणाचे काय, असा प्रश्न राज्यभर उठला. लोक रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. संघटित आवाजाला अजून किंमत आहे, हे त्यातून दिसले. पण सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने कारखान्यातील रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मंजुरी दिली. तेव्हा किती आवाज उठला? ज्या तासांसाठी बाबासाहेब झगडले, ते आपल्या डोळ्यांदेखत सैल होत आहेत.

घराने काय करावे?

बुद्धविहारात रविवारी वंदना झाली की अर्धा तास यासाठी काढू या. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी पुढील गोष्टी सांगाव्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू आहेत. त्यानुसार दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे नेमणूकपत्र मिळाले पाहिजे. ते मागा आणि जपून ठेवा. नऊ तासांचे बारा झाले तर हिशेब स्वतःच्या वहीत लिहा; जादा कामाचा दर दुप्पट असतो. फंडाचा यूएएन नंबर विचारा आणि पासबुक मोबाइलवर पाहा. शेतमजूर, बांधकाम मजूर, घरकाम करणाऱ्या बाया यांची ई-श्रमवर नोंद करा. आणि घरात एकच मोबाइल असेल तर तो संध्याकाळी तासभर मुलीच्या अभ्यासाला द्या.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक् आजीविका सांगितली. आपले पोट भरताना दुसऱ्याची पिळवणूक होऊ नये, हा तिचा अर्थ. तसेच आपलीही कुणी करू नये. यंत्र शिकू या, पण घड्याळ आपल्या हातून सोडायचे नाही. बाबासाहेबांनी दिलेले ते तास म्हणजे आपल्या लेकरांच्या अभ्यासाचे, विहाराचे आणि माणूस म्हणून जगण्याचे तास आहेत.

जय भीम!