लांबी वाढली, पल्ला घटला

बोइंग ७८७-९ किंवा ७८७-१० मध्ये बसून बालाघाट-गोंदियाकडचं कुणी लेकाला भेटायला परदेशी निघालं, तर त्यांच्या खुर्चीखालच्या तुळया नागपुरात घडलेल्या असण्याची दाट शक्यता आहे. मिहानमधल्या टाटा समूहाच्या कारखान्यात ‘ड्रीमलायनर’च्या या दोन आवृत्त्यांचे फ्लोअर बीम तयार होतात. कार्बन तंतू आणि रेझिनच्या थरांतून घडवलेल्या या आडव्या तुळया. माणसं, खुर्च्या, खानपानाच्या गाड्या यांचा भार पेलून तो विमानाच्या गोल कवचाकडे सोपवायचा, हे त्यांचं काम.

आपला भाग तसा धातूचा. बैहरच्या वाटेवर उकव्याला मॉईलची भूमिगत मँगनीज खाण आहे. मँगनीज मुख्यतः पोलादासाठी जातं, पण विमानांनाही ते नवं नाही. कित्येक दशकं विमानांचा पत्रा ज्या २०२४ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असे, त्यात सुमारे ४ टक्के तांबं, दीड टक्का मॅग्नेशियम आणि १ टक्क्याहूनही कमी मँगनीज असतं. तेवढंसं मँगनीज धातूच्या आतल्या कणांची बेसुमार वाढ रोखतं.

७८७ मध्ये मात्र वजनाच्या हिशेबानं निम्मं विमान संमिश्रांचं, म्हणजे तंतू आणि रेझिनच्या थरांतून घडवलेल्या पदार्थांचं आहे. ॲल्युमिनियम २० टक्क्यांवर आलं आणि टायटॅनियम १५ टक्क्यांवर गेलं. महागडं टायटॅनियम एवढं कशाला? कार्बन आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात वीज वाहू लागते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. टायटॅनियम कार्बनशेजारी टिकतं. प्रसाधनगृह आणि पँट्रीखाली पाणी झिरपतंच, धातूच्या तुळया तिथे गंजायच्या. म्हणून १९९५ मध्ये सेवेत आलेल्या ७७७ मध्येच बोइंगनं फ्लोअर बीम संमिश्राचे केले होते. ७८७ मध्ये पंख आणि सगळं कवचही त्याच वाटेनं गेलं. असं कवच वारंवारच्या दाबानं धातूसारखं थकत नाही, त्यामुळे आतली हवा ८,००० ऐवजी ६,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी दाट ठेवता येते. वयस्कर प्रवाशांना हा फरक जाणवतो.

हे विमान सहज जन्माला आलं नाही. एप्रिल २००४ मध्ये जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजनं ५० विमानं मागवली आणि काम सुरू झालं. ८ जुलै २००७ रोजी विमान थाटात लोकांपुढे आणलं, पण ते आतून अपुरंच होतं. पहिलं उड्डाण १५ डिसेंबर २००९ ला झालं, पहिलं विमान ग्राहकाला मिळायला सप्टेंबर २०११ उजाडलं. मोठमोठे भाग देशोदेशीच्या कारखान्यांतून करून आणायचे आणि फक्त जोडायचे, हा बेत बोइंगला फार जड गेला. जानेवारी २०१३ मध्ये लिथियम-आयन बॅटऱ्या जळाल्या आणि जगभरची ७८७ विमानं काही महिने जमिनीवर राहिली. १२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचं ७८७-८ कोसळलं, २६० जीव गेले. या विमानाचा तो पहिला प्राणघातक अपघात. त्याचं दुःख अजून ताजं आहे.

आता आवृत्त्या. ७८७-८ ची लांबी सुमारे ५७ मीटर, ‘नऊ’ची ६३ आणि ‘दहा’ची ६८. पंखांचा विस्तार तिन्हींचा ६० मीटरच. ‘आठ’वरून ‘नऊ’ करताना रचना बळकट केली आणि उड्डाणाचं कमाल वजन २२८ टनांवरून २५४ टनांवर नेलं, त्यामुळे जागा वाढूनही पल्ला १३,५०० वरून १४,००० किलोमीटरवर गेला. ‘दहा’ करताना कवच साडेपाच मीटरनं वाढवलं, कमाल वजन मात्र मूळ आराखड्यात २५४ टनच ठेवलं. वाढीव कवच, खुर्च्या, माणसं आणि त्यांच्या बॅगा यांचं वजन मग इंधनातून वजा होतं. पल्ला उरतो साधारण ११,७०० किलोमीटर.

माझ्या मते या मालिकेतला हा सर्वांत शहाणा निर्णय. पल्ला राखायला वजन वाढवलं असतं, तर चाकांपासून पंखांपर्यंत बरंच काही नव्यानं करावं लागलं असतं. मुंबई-लंडन हे ७,२०० किलोमीटर ‘दहा’ सहज कापतं, तेही जास्त माणसं घेऊन. मुंबई-न्यूयॉर्कच्या साडेबारा हजारांसाठी ‘नऊ’ घ्यावं. जपानच्या आखूड मार्गांसाठी आखलेलं, कमी पंखविस्ताराचं ७८७-३ तर कधी बनलंच नाही.

मिहानमध्येच एअर इंडियाच्या ६८ विमानांच्या सौद्यातून बोइंगनं उभारलेलं देखभाल केंद्र २०१५ पासून आहे. संमिश्रांनी तिथलं कामही बदललं. धातूच्या पत्र्याला पोचा आला तर डोळ्यांना दिसतो. संमिश्रावर सामानाची गाडी आदळली तर वरून ओरखडाही नसेल आणि आत थर सुटलेले असतील. ते अल्ट्रासाउंडनं शोधावे लागतात. बालाघाट, गोंदिया, नागपूरच्या आयटीआयमध्ये फिटर आणि वेल्डरच्या जोडीनं ही तपासणी शिकवायला आजच सुरुवात व्हायला हवी.