भिंतीही गातात

बाळांनो, दादरचं पोर्तुगीज चर्च तुम्ही सगळ्यांनी बसच्या पाटीवर वाचलंय. त्या जागी १५९६ साली पहिलं चर्च उभं राहिलं. आजची उंच काँक्रीटची वास्तू चार्ल्स कोरियांची, १९७०च्या दशकातली. चर्चच्या घुमणाऱ्या वास्तूंसाठीच जणू जन्मलेला गाण्याचा एक प्रकार आहे, ग्रेगोरियन चांट.

त्याला ना पेटी, ना ठेका. सगळे मिळून एकच चाल गातात, लॅटिन शब्द नेतील तशी. भजनात वाढलेला माणूस वाट बघत बसतो, टाळ कधी वाजणार? वाजतच नाही!

त्याचं गुपित भिंतींत आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर धावतो. दगड त्याला फारसा शोषत नाही, परत धाडतो. मग समोरची भिंत, मग छत, पुन्हा भिंत. मोठ्या दगडी चर्चमध्ये गाणारा थांबला तरी सूर पाच-सहा सेकंद रेंगाळतो. तिथे आपला लालबागचा ताशा वाजवलात, तर एका टिपरीवर दुसरी चढून नुसता कालवा होईल. संथ, एकपदरी चालीचं मात्र सोनं होतं. मागचा सूर विरतोय तोच पुढचा येऊन मिळतो आणि गायक स्वतःचीच साथ करू लागतो.

हे मोजलं कुणी? अमेरिकेत हार्वर्डला एका नव्या सभागृहात व्याख्यात्याचं बोलणंच कळेना. १८९५ साली ते कोडं वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आलं. पठ्ठ्या रात्री सामसूम झाली की शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या वाहून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवून थांबवायचा आणि सूर विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. गाद्या वाढल्या की वेळ घटायचा. माणसंही आवाज गिळतात बरं का. म्हणून रिकामं चर्च जास्त घुमतं.

पूर्वी हे चर्चमधलं गाणं ऐकून ऐकूनच पाठ करावं लागे, त्यात वर्षं जात. हजार वर्षांपूर्वी इटलीतल्या ग्वीदो नावाच्या साधूनं एक स्तोत्र निवडलं. त्याच्या पहिल्या सहा चरणांत प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एक सूर वर सुरू होई. त्या चरणांची पहिली अक्षरं घेतली: उत, रे, मी, फा, सोल, ला. जोडीला रेघांवर सूर मांडले. मग न ऐकलेली चालही पोरं बघून गाऊ लागली. हीच विद्या पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या चर्चशाळांत आली आणि तिथल्या वादकांसोबत मुंबईच्या सिनेसंगीतात. संगीतकार प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे, गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. हो, ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ या गाण्यातलं नाव त्यांचंच!

१९६०च्या दशकात मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लोकांच्या भाषेत होऊ लागली, तेव्हापासून हे लॅटिन गायन क्वचितच कानावर पडतं. पण प्रयोग तुम्हाला आजही करता येईल. घरातली एखादी रिकामी खोली शोधा. दार लावून टाळी वाजवा, मग ‘आ’ लावून सा आणि प आळीपाळीने गा. नंतर तिथेच गाद्या-चादरी पसरा, पुन्हा गा आणि काय फरक पडला ते मला येऊन सांगा.