समर्थ : जांबचा किताब आणि आजचा पाळणा

रामनवमी आली की जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील मौजे जांब समर्थ हे नाव वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांवर येते, आणि यंदाही ते आले. उत्सवाच्या बातमीशेजारीच जन्मनोंदणीचा विषयही चर्चेत आहे, कारण 1 मे 2024 रोजी व त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक अपत्याच्या नावापुढे प्रथम आईचे व मग वडिलांचे नाव लिहिण्याचा जो निर्णय राज्य शासनाने केला, त्याप्रमाणे दाखले मिळालेली मुले आता बालवाडीच्या वाटेला लागली आहेत. या दोन गोष्टी एकत्र वाचताना जो प्रश्न मनात उभा राहतो, तो असा की ज्या जिल्ह्यात समर्थ रामदासांचा जन्म झाला, त्या जिल्ह्यातल्या पाळण्यांत आज रामदास हे नाव विरळ होत असता समर्थ हे नाव इतक्या उत्साहाने का ठेवले जाते, आणि ठेवणारे नेमके काय ठेवीत असतात.

जांबच्या ठोसर कुळात इ. स. 1608 मध्ये, शके 1530 च्या चैत्र शुद्ध नवमीस, सूर्याजीपंत व राणूबाई यांच्या पोटी जो पुत्र जन्मला, त्याचे पाळण्यातले नाव नारायण. थोरल्या बंधूंचे गंगाधर. विवाहाच्या मंडपातून निघून गेलेल्या या मुलाने नाशिकजवळील टाकळीस बारा वर्षे तपश्चर्या केली, असे परंपरा सांगते, आणि त्याच काळात त्याने स्वतःसाठी रामदास हे नाव पत्करले. समर्थ हे तिसरे नाव मात्र आईबापांनी दिले नाही आणि त्याने स्वतःही घेतले नाही. ते शिष्यांनी व लोकांनी आदराने लावलेले विशेषण आहे. पहिले नाव घराण्याचे, दुसरे साधकाचे, तिसरे समाजाचे, असा एकाच आयुष्यातील हा क्रम आहे. आणि आपण त्यातले शेवटचे उचलून जन्माच्या बाराव्या दिवशी देतो.

नाव कसे ठेवावे याविषयी आपल्याकडे फार प्राचीन काळापासून विचार झाला आहे, आणि त्याचा सर्वांत वेधक पुरावा एखाद्या ज्योतिषग्रंथात नसून इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात होऊन गेलेल्या पतंजलीच्या व्याकरणमहाभाष्यात आहे, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. व्याकरण शिकण्याची प्रयोजने सांगताना पतंजली याज्ञिकांच्या परंपरेतील नामकरणाचा नियम पुढे करतो: दहाव्या दिवसानंतर मुलाचे नाव ठेवावे, ते घोषवर्णाने सुरू व्हावे, त्याच्या मध्ये अंतःस्थ, म्हणजे य, र, ल, व यांपैकी वर्ण असावा, आद्य स्वर वृद्धीचा म्हणजे आ, ऐ अथवा औ नसावा, ते बापाच्या तीन पूर्वजांच्या नावांना धरून असावे, शत्रूच्या घरात रूढ असलेले नसावे, आणि दोन किंवा चार अक्षरांचे असावे. हे सारे व्याकरण जाणल्यावाचून कसे साधणार, असा त्याचा प्रश्न आहे. बारशाला निघालेल्या बापाला वैयाकरणाच्या दारी नेऊन उभे करणारा हा आचार्य मला फार प्रिय आहे.

या कसोटीवर आपली नावे घासून पाहिली तर निकाल मोठा उद्बोधक निघतो. नारायण हे नाव न या घोषवर्णाने सुरू होते, पोटात र आणि य हे दोन अंतःस्थ बाळगते आणि चार अक्षरांचे आहे. केवळ आद्य स्वराच्या वृद्धीपाशी ते अडते. समर्थ या नावात र आहे आणि वृद्धीचा दोषही नाही, परंतु ते स या अघोष वर्णाने सुरू होते आणि अक्षरे तीनच. म्हणजे पतंजलीच्या दप्तरात समर्थ हे मुलाचे नाव सहजासहजी दाखल झाले नसते. आज अक्षर निवडले जाते ते बहुधा नावरसावरून: शततारका नक्षत्राच्या दुसऱ्या चरणावर मूल जन्मले की सा हे अक्षर पुढे येते, आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी समर्थ हे नाव आपसूक येते.

मात्र याच व्याकरणाने या शब्दाला जो मान दिला आहे तो दुसऱ्या कोणत्याही मुलाच्या नावाला क्वचितच लाभला असेल. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील समासप्रकरणाचे पहिलेच सूत्र समर्थ या शब्दाने आरंभ होते, आणि तेथे त्याचा अर्थ बलवान असा नाही. ज्यांचे अर्थ एकमेकांशी जुळलेले आहेत तीच पदे समर्थ, आणि समासासारखे कार्य अशाच पदांना लागू होते, असा त्या सूत्राचा आशय आहे. पतंजलीने त्यावर विस्तीर्ण चर्चा केली आणि पुढील टीकाकार एकार्थीभाव (पदांचे अर्थ मिळून एकच होणे) व व्यपेक्षा (पदांनी एकमेकांची अपेक्षा धरणे) या दोन पक्षांवरून शतकानुशतके वाद घालीत राहिले. सम् आणि अर्थ यांच्या संयोगातून झालेला हा शब्द आधी जुळणारा, योग्य, आणि मग शक्तिमान असा वाढत गेला. एकट्याचे सामर्थ्य हा अर्थ त्याला नंतर चिकटला आहे, आणि आजचे आईबाप बहुधा तोच मनात धरतात, याची मला खंत वाटते.

किताबाचे नाव होणे ही गोष्ट मराठी मुलखात नवी नव्हे. कुडतोजी गुजरांना शिवछत्रपतींनी प्रतापराव हा किताब दिला, हंसाजी मोहित्यांना हंबीरराव, आणि ही दोन्ही पुढे साध्या घरांतील मुलांची नावे झाली. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या आपल्या मराठवाड्यात साहेबराव, रावसाहेब, दौलतराव, सर्जेराव ही नावे गावोगाव आढळतात. हुद्दा न मिळता हुद्द्याचे नाव मिळालेल्या कष्टकरी माणसांच्या पिढ्या त्यांत उभ्या आहेत. त्यांच्याच शेजारी दगडू, धोंडू, कचरू ही नावे होती, मूल जगावे, त्याला कोणाची दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम हीन ठेवलेली. मनुस्मृतीने तर वर्णावर्णाची नावे वेगळी नेमून शूद्राच्या वाट्यास तुच्छतेचे नाव लिहिले. त्या नियमाचा पराभव पाहावयाचा असेल तर जिल्ह्यातील कोणत्याही शाळेचा हजेरीपट उघडावा: तेथे समर्थ हे नाव नाना जातींच्या आडनावांच्या आधी लिहिलेले सापडते, आणि या प्रसाराचा मला निःशंक आनंद आहे.

लोकप्रियता मोजण्याचे साधन आपल्याकडे हजेरीपटच आहे. अमेरिकेत 1880 पासूनच्या जन्मांची नावनिहाय गणना लोकांसमोर ठेवलेली आहे, आपल्या जन्मनोंदणीचे वार्षिक अहवाल जन्मांची संख्या सांगतात, नावे सांगत नाहीत. शिवाय प्रत्येक समर्थ जांबचाच असतो असे समजणेही चुकीचे ठरेल. अक्कलकोटला 1878 मध्ये समाधिस्थ झालेल्या स्वामी समर्थांची उपासना आज दिंडोरीच्या सेवामार्गामुळे जालन्याच्या मोहल्ल्यामोहल्ल्यांत पोचली आहे, आणि माझा ठाम अंदाज असा की आजचे बहुसंख्य समर्थ हे अक्कलकोटच्या पुण्याईने झालेले आहेत. एका जिल्ह्याचा किताब दुसऱ्या जिल्ह्यातून फिरून परत आला, एवढाच त्याचा अर्थ.

आता मूळ मुद्द्याकडे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव, ज्यांनी मठामठांतून रामदासी हस्तलिखिते गोळा करण्यात आपली हयात वेचली आणि ज्यांच्या प्रयत्नांतून श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले, त्यांच्या परिश्रमामुळे रामदासांचे वाङ्मय आपल्याला तपासून वाचता येते. ते वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसते: मनाच्या श्लोकांत रामदास समर्थ हा शब्द योजतात तो रामासाठी, आणि स्वतःकडे घेतात ते सेवकपण. धनी समर्थ आणि आपण त्याचे दास, अशी त्यांची मांडणी आहे, आणि तिच्यात पाणिनीचा अर्थही नकळत उतरला आहे. कारण दासाचे बळ धन्याशी जुळलेले असण्यात आहे. शिष्यांनी धन्याचे विशेषण सेवकाला लावले ते प्रेमापोटी, आणि ते शोभलेही. परंतु केवळ समर्थ ठेवून रामदास टाकून देणे म्हणजे फळ ठेवून देठ खुडणे होय. अंबाजी नावाच्या शिष्याला त्यांनी कल्याण हे नाव दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. जालना मतदारसंघाने 2024 साली लोकसभेत पाठविलेल्या प्रतिनिधीचे नाव कल्याण आहे, म्हणजे संप्रदायातील ते नाव तरी या भागात नांदते आहे. मग नारायण आणि रामदास यांना आजोबांच्या पिढीत कोंडून का ठेवावे? पतंजलीने सांगितलेला पूर्वजांच्या नावांचा धागा येथे कामी येण्यासारखा आहे: ज्या घरात आजोबा रामदास आहेत, त्या घराने नातवाचे नाव शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारणच नाही.

जालना सोने का पालना, ही म्हण व्यापारी भरभराटीची. पण या जिल्ह्याच्या पाळण्यांचे खरे वैभव राणूबाईंच्या पाळण्यात होते, असे मी मानतो. नारायण सूर्याजीपंत ठोसर या जुन्या रीतीच्या नावात तिला जागा नव्हती. पुष्कळ वर्षांनी मुलगा दारी आला तेव्हा तिची दृष्टी गेलेली होती आणि त्याच्या स्पर्शाने ती परत आली, ही आख्यायिका घरोघर सांगितली जाते. समर्थ म्हणून त्याची कीर्ती पुढे कितीही झाली तरी तिच्या लेखी तो नारायणच राहिला असणार. आजच्या नियमाप्रमाणे त्याचा दाखला नारायण राणूबाई सूर्याजीपंत ठोसर असा निघाला असता. ज्यांच्या मुलांची जन्मनोंद झाली आहे पण नावाचा रकाना अद्याप कोरा आहे, त्यांना तो वर्षभरात विनाशुल्क आणि विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत भरता येतो. तेव्हा घाईने अक्षर उचलण्यापेक्षा घरातील आजी-आजोबांना विचारण्यास अवधी पुष्कळ आहे.