बंद पडलेला फ्रिज, मिक्सर, टीव्ही : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातले उपकरण बंद पडले की ते हलवायला खर्च येणारच, ही समजूत आपल्याकडच्या शहरांत बहुधा खरी नसते. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम यांना भंगाराच्या बाजारात भाव असतो. त्यामुळे फ्रिज किंवा वॉशिंग मशीन न्यायला आलेला भंगारवाला सहसा पैसे मागत नाही, देतो. खरा खर्च वेगळ्याच ठिकाणी होतो : दुरुस्त होऊ शकणारी वस्तू मोडीत काढून नवी घेतली जाते तेव्हा.

म्हणून स्वस्तात सुटका करून घेण्याआधी वस्तू खरोखर संपली आहे का, हे पाहावे लागते. ‘मोटर जळाली’ हे घरोघरी सर्वांत घाईने होणारे निदान आहे. ओल्या खोबऱ्याचे वाटण करताना मिक्सर अचानक थांबला, तर बहुतेक मॉडेलांत मोटर वाचवण्यासाठी बसवलेला ओव्हरलोड स्विच पडलेला असतो. मोटर थंड झाल्यावर तळाचे छोटे बटण दाबले की मिक्सर पुन्हा चालू होतो. छताचा पंखा मंद झाला तर दोष अनेकदा कपॅसिटरचा असतो. वॉशिंग मशीनमधून पाणी बाहेर पडत नसेल, तर ड्रेन पंपाच्या जाळीत नाणे, केसाची पिन किंवा बटण अडकलेले सापडते. फ्रिजचा दिवा लागतो पण कॉम्प्रेसर सुरू होत नाही, अशा वेळी त्याच्या बाजूला बसवलेला रिले किंवा ओव्हरलोड प्रोटेक्टर आधी तपासायला हवा. हे भाग कॉम्प्रेसरच्या तुलनेत फारच स्वस्त असतात. याउलट, फ्रिजच्या भिंतीतल्या फोममध्ये गाडलेली नळी गळत असेल, तर पुन्हा पुन्हा गॅस भरून घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळणे सोपे व्हावे, यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. अनेक कंपन्यांची माहिती तेथे एकत्र मिळते.

मोटर आहे म्हणजे आत तांबे आहे, हाही पक्का रुजलेला समज आहे. तांब्याचा भाव ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे अनेक स्वस्त मिक्सर, पंखे आणि काही कॉम्प्रेसर ॲल्युमिनियमच्या तारेने गुंडाळलेले असतात. एसीच्या कॉइलही काही मॉडेलांत तांब्याच्या, तर काहींत ॲल्युमिनियमच्या असतात. एकाच आकाराच्या दोन वस्तूंना वेगळा भाव मिळतो तो यामुळे. मात्र भाव वाढावा म्हणून वस्तू घरीच उघडू नये. कॉम्प्रेसर वेगळा काढून विकला की उरलेला सांगाडा न्यायला कोणी तयार होत नाही, आणि मग तो हलवण्याचे पैसे खिशातून द्यावे लागतात.

‘एक्स्चेंज’मध्ये जुन्या वस्तूला मिळणारी रक्कम म्हणजे तिची किंमत, असे समजले जाते. ती पुष्कळदा नव्या वस्तूवरच्या सवलतीचाच एक भाग असते. जुनी वस्तू न देता तीच नवी वस्तू कितीला मिळते, हे विचारून दोन्ही आकड्यांतला फरक काढला की खरी किंमत कळते. या फरकापेक्षा भंगारात जास्त पैसे मिळतील असे वाटू शकते, पण जड वस्तू तिसऱ्या मजल्यावरून उतरवून नेण्याचे कामही एक्स्चेंजमध्ये अनेकदा धरलेले असते. तेही हिशेबात घ्यायला हवे.

कायद्याविषयी दोन परस्परविरोधी समज आढळतात. घरातल्या उपकरणांसाठी काही नियमच नाहीत, असे काहींना वाटते. तर कंपनीने घरी येऊन जुनी वस्तू फुकट नेलीच पाहिजे, असे काही मानतात. दोन्ही चूक आहेत. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम 2011 मध्ये आले. सध्याचे नियम 2022 चे असून ते 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. फ्रिज, एसी, वॉशिंग मशीन, टीव्ही यांच्याबरोबर अनेक छोटी उपकरणेही त्यांच्या यादीत आहेत. उत्पादकाला वजनाच्या हिशेबाने ठरलेले पुनर्चक्रणाचे लक्ष्य गाठावे लागते : 2023-24 साठी ते 60 टक्के होते, 2027-28 मध्ये 80 टक्के होईल. पण नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगाकडून प्रमाणपत्रे विकत घेऊनही कंपनी हे लक्ष्य पूर्ण करू शकते. प्रत्येक घरापर्यंत गाडी पाठवण्याचे बंधन त्यात नाही. अनेक कंपन्या टोल-फ्री क्रमांक आणि संकलन केंद्रे चालवतात. तेथे एक फोन करायला काही लागत नाही, आणि मोठ्या वस्तूंसाठी तो करून पाहणे केव्हाही चांगले.

प्रदूषणाचा सगळा दोष दारावरच्या भंगारवाल्यावर ढकलणे हा आणखी एक गैरसमज आणि मोठा अन्याय आहे. शहरांतला कितीतरी माल कचऱ्याच्या डोंगरावर जाण्यापासून हीच माणसे वाचवतात. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून काम करते, आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ सहकारी संस्था घरांतून ई-कचराही गोळा करते. नुकसान होते ते पुढच्या टप्प्यावर. ज्याला भाव आहे ते परवाना नसलेल्या गाळ्यात काढून घेतले जाते, आणि ज्याला भाव नाही ते तिथेच सोडले किंवा जाळले जाते. तांब्यासाठी पीव्हीसी आवरणाच्या तारा जाळल्या की डायऑक्सिनसारखी अतिविषारी द्रव्ये तयार होतात. ती सर्वांत आधी जाळणाऱ्याच्या आणि शेजारच्या वस्तीच्या छातीत जातात.

फ्रिजमधला गॅस हवेत विरला तर काय बिघडते, असेही विचारले जाते. आर-134ए हा अनेक वर्षे घरगुती फ्रिजांत वापरला गेलेला वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट उष्णता अडवतो. म्हणजे नळी कापून 100 ग्रॅम वायू सोडला, तर तो जवळजवळ 143 किलो कार्बन डायऑक्साइडइतका ठरतो. त्याआधीच्या फ्रिजांतला आर-12 ओझोनचा थरही पोखरतो. नव्या फ्रिजांतला आर-600ए या दोन्ही बाबतींत सौम्य आहे, पण तो आयसोब्युटेन असल्यामुळे ज्वलनशील आहे. बंद खोलीत त्याच्या नळीला गॅसकटर लावणे जिवावर बेतू शकते. कोणता वायू आहे, हे कॉम्प्रेसरवरच्या किंवा मागच्या पट्टीवर छापलेले असते.

जुना, पाठ मोठी असलेला टीव्ही भंगारवाला घेत नाही, तेव्हा त्याला नुसता आळस समजू नये. त्याच्या पिक्चर ट्यूबच्या मागच्या, नरसाळ्याच्या आकाराच्या काचेत शिशाचे ऑक्साइड वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतके असते. या काचेला आता जवळपास गिऱ्हाईकच उरलेले नाही. ती फोडून फक्त तांब्याची कॉइल काढून घेतली जाते. असा टीव्ही संकलन केंद्रातच द्यावा. मायक्रोवेव्ह प्लग काढल्यावर निर्धोक होतो, असेही नाही. त्यातला कपॅसिटर सुमारे 2,000 व्होल्टचा भार काही काळ धरून ठेवू शकतो. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. ट्रिमर आणि बिनतारी उपकरणांतल्या लिथियम बॅटऱ्या कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेऊ शकतात, त्यामुळे यांतले काहीही सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकण्यासारखे नाही.

गच्चीवर किंवा जिन्याखाली ठेवून दिले की प्रश्न मिटला, हा समज फुकटचा वाटतो पण महाग पडतो. फ्रिजच्या मागचा ट्रे आणि कूलरची टाकी यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगी पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. लपाछपी खेळणारे मूल जुन्या फ्रिजमध्ये कोंडले जाऊन गुदमरू शकते, म्हणून दरवाजा काढून किंवा घट्ट बांधून ठेवणे आवश्यक आहे. बंद पडलेली वस्तू घरकामाला येणाऱ्या मावशींना ‘देऊन टाकणे’ हेही दान नव्हे. दुरुस्तीचा खर्च आणि शॉकचा धोका त्यांनी पत्करावा, असाच त्याचा अर्थ होतो. दुरुस्त करून दिली तर गोष्ट वेगळी.

एका मिक्सरसाठी पुनर्चक्रण उद्योगाची गाडी येत नाही, कारण वाहतुकीचाच खर्च निघत नाही. सोसायटीने दिवाळीच्या आवरासावरीनंतर सगळ्यांची उपकरणे एकत्र जमवली तर मात्र वजन पुरेसे होते, आणि मग गाडी फुकट येण्याची किंवा वर काही पैसे मिळण्याची शक्यता वाढते. उद्योग नोंदणीकृत आहे की नाही, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर तपासता येते. स्मार्ट टीव्ही चालू होत असेल तर त्यातली खाती पुसावीत, फ्रिज रिकामा व कोरडा करावा, सौदा नगावर आहे की वजनावर ते आधीच ठरवावे, आणि वस्तू न उघडता, अख्खी देऊन पावती घ्यावी.