अडीनडीची बेगमी

घरात पुन्हा पुन्हा येणारी संकटे बहुधा ओळखीचीच असतात. रात्री गेलेली वीज, दोन-दोन दिवस न येणारा नळ, लहान मुलाचे जुलाब, गॅसचा वास, उकळत्या चहाने भाजलेला हात, कुत्र्याचा चावा, महिनाअखेरीला उपटलेला दवाखान्याचा खर्च. भूकंप किंवा महापूर एखाद्या पिढीला एखाद्या वेळी गाठतो. ही लहान संकटे मात्र वर्षाला दोन-चार तरी ठरलेलीच. त्यांच्यासाठीच्या तयारीला फार पैसा लागत नाही. वस्तू कुठे ठेवायची, फोन कोणाला करायचा आणि घरात कोणी काय करायचे, या तीन गोष्टी आधी ठरल्या की निम्मी तयारी होते.

अशी बेगमी महाराष्ट्रातल्या घरांना नवी नाही. कोकणात मे महिन्यात आगोटीची खरेदी होते. तांदूळ, डाळी, मीठ, मसाला, सुकी मासळी भरून ठेवायची, सरपण कोरड्या जागी रचायचे आणि मग पावसाला सामोरे जायचे, ही तिथली रीत. तोच हिशेब उजेड, पाणी, औषधे, कागदपत्रे आणि पैसा यांना लावला की झाले.

आधी घराची यादी

प्रत्येक घराची यादी वेगळी असते. पंचगंगा आणि कृष्णेच्या काठी पुराची धास्ती, मराठवाड्यात टँकरची वाट, शेतवस्तीवर सापाची भीती, शहरातल्या जुन्या इमारतीत शॉर्टसर्किटची. गेल्या पाच वर्षांत आपल्या घरात आणि शेजारीपाजारी काय घडले आणि त्या वेळी नेमके काय हाताशी नव्हते, हे घरातल्या सर्वांनी मिळून लिहून काढावे. खरेदीची यादी त्यातूनच तयार होते. बाकीच्या वस्तू दुकानात कितीही आकर्षक दिसल्या तरी थांबू शकतात.

उजेड आणि वीज

पहिली खरेदी टॉर्चची. चार्जिंगचा एलईडी टॉर्च दीड-दोनशे रुपयांत मिळतो आणि मेणबत्तीसारखी पडद्याला किंवा मच्छरदाणीला आग लागण्याची भीती त्यात नसते. टॉर्चची जागा कायमची ठरलेली हवी, अंधारात चाचपडतही सापडेल अशी. दुसरी खरेदी पॉवर बँकेची. वीज गेल्यावर फोनच दवाखान्याशी, नातेवाइकांशी आणि बँकेशी जोडून ठेवतो. महावितरणच्या ग्राहकांना तक्रारीसाठी १९१२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

विजेचे अपघात टाळायला खर्चापेक्षा सवय लागते. कपडे वाळत घालायची लोखंडी तार हे पावसाळ्यातल्या अपघातांचे नेहमीचे कारण. घरात येणाऱ्या वायरचे आवरण जिथे झिजलेले असते तिथे ती तारेला किंवा पत्र्याला टेकते, तारेत वीज उतरते आणि ओला कपडा टाकणाऱ्याला झटका बसतो. वाचवायला धावणाराही त्याच तारेला चिकटतो. पन्नास रुपयांची नायलॉनची दोरी हा धोका संपवते. बादलीत पाणी तापवायचा हीटर वापरताना आधी बटण बंद करून पिन काढावी, मगच पाण्यात हात घालावा. कोणाला शॉक लागलाच, तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा. तो कुठे आहे आणि कसा पाडायचा, हे घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असावे. पैसे जमले की वायरमनकडून गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवून घ्यावा. घरातल्या वायरिंगवर याहून उपयोगी खर्च दुसरा नाही.

पाणी आणि शिधा

पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज साधारण चार लिटर पाणी धरावे. चार माणसांच्या घराला तीन दिवसांसाठी जवळपास ५० लिटर, म्हणजे खाण्याच्या वस्तूंसाठीच वापरलेले वीस लिटरचे अडीच कॅन. रसायनाचे किंवा रंगाचे डबे धुऊनही पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नयेत. साठवलेले पाणी आठवड्याला बदलावे आणि जुने धुण्या-पुसण्याला वापरावे. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यावा, पण तुरटीने जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाण्याला खळखळून उकळी आणावी किंवा आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाकाव्यात.

शिध्यासाठी वेगळे काही आणावे लागत नाही. भाजके पोहे, फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ, राजगिऱ्याचे लाडू, सातूचे पीठ, मेतकूट हे पदार्थ चुलीशिवाय पोट भरतात आणि डब्यात टिकतात. रोजच्या वापरातलाच डबा थोडा जास्त भरायचा आणि जुना माल आधी संपवायचा, एवढे पुरे.

गॅस आणि आग

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, ओट्याखाली, पलंगाखाली साचत जातो. वास आला की दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. बटणातली बारीक ठिणगीही पुरेशी असते. रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर टोपी बसवावी, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेरूनच १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करावा.

ही प्लॅस्टिकची टोपी सिलिंडरच्या मानेला दोऱ्याने बांधलेली येते. बहुतेक घरांत ती पहिल्याच दिवशी निघते आणि मुलांच्या खेळण्यात जाते. प्रत्यक्षात व्हॉल्व्हमधून गॅस सुटत राहिला, तर तो घरच्या घरी थांबवणारी ती एकमेव वस्तू. सिलिंडर संपेपर्यंत ती त्याच्याच मानेला राहू द्यावी. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी. मुदत नळीवरच छापलेली असते. जोडांवर गळती आहे का, हे साबणाच्या फेसाने पाहावे, काडी ओढून कधीही नाही.

कढईतल्या तेलाने पेट घेतला, तर त्यावर पाणी ओतणे सर्वांत घातक. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल चौफेर उडवते. शेगडी बंद करून कढईवर परात किंवा घट्ट झाकण सरकवावे आणि कढई पूर्ण गार होईपर्यंत उघडू नये. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१.

दुखणेखुपणे

औषधांच्या डब्यात फार काही लागत नाही. थर्मामीटर, कापूस, निर्जंतुक पट्ट्या, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम, कात्री, डॉक्टरांनी प्रमाण सांगून दिलेले तापाचे औषध आणि ओआरएसची चार पाकिटे. हा सगळा डबा तीन-चारशे रुपयांत भरतो. शिवाय ओआरएस आरोग्य केंद्रात आणि आशा कार्यकर्तीकडे मोफत मिळते. रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स यांची रोजची औषधे असणाऱ्यांनी निदान आठवड्याचा जादा साठा ठेवावा. वीज नसताना इन्सुलिनची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवली, तर उन्हाळ्यातही ती थंड राहते.

ओआरएसची ताकद जगाला दिसली ती १९७१ मध्ये. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपात भरून नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजायला लावले. तिथे मृत्यूचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आतड्यातून मीठ शरीरात घ्यायला साखर मदत करते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही आत शोषले जाते, एवढेच त्यामागचे शास्त्र. म्हणूनच प्रमाण महत्त्वाचे. मोठे पाकीट एक लिटर पाण्यात एकाच वेळी संपूर्ण टाकायचे आणि केलेले पाणी २४ तासांत संपवायचे. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो. मूल निपचित पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी थांबू नये.

भाजल्यावर वाहत्या साध्या पाण्याखाली भाग २० मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, तेल, हळद यांनी जखम बिघडते. छातीत कळ येऊन घाम सुटला, तर पित्त किंवा गॅस समजून सोड्यावर वेळ घालवू नये. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही पक्षाघाताची चिन्हे दिसताच घड्याळात वेळ पाहून ठेवावी. गुठळी विरघळवणारे औषध सुमारे साडेचार तासांच्या आतच देता येते. १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते.

साप आणि कुत्रा

महाराष्ट्रात माणसाला मारणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा दंश फारसा दुखतही नाही. त्यामुळे पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि घरच्यांना कारणच उमगत नाही. खाट आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी हा यावरचा स्वस्त इलाज. दंश झालाच, तर माणसाला धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नये, अंगठी-पैंजण काढावेत आणि सरकारी रुग्णालय गाठावे. आवळून दोरी बांधणे, चिरा देणे, विष चोखणे आणि मांत्रिकाकडे नेणे यात जीव जातो. कोणत्या रुग्णालयात सर्पदंशाची लस असते, हे गावकऱ्यांनी पावसाळ्याआधीच विचारून ठेवावे.

कुत्रा चावल्यावर जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्यात १५ मिनिटे धुवावी. मिरची किंवा चुना भरू नये. लस त्याच दिवशी सुरू करून सगळे डोस पुरे करावेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण बहुधा वाचत नाही.

नंबर, कागदपत्रे आणि पैसा

कपाटाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांतला एक कागद चिकटवावा: ११२, १०८, १०१, १९०६, १९१२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, जवळचे रुग्णालय, रिक्षावाला, शेजारी आणि परगावचा एक नातेवाईक. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा फोनच लागत नव्हते आणि हजारो घरांना आपली माणसे कुठे आहेत हे कळले नव्हते. गर्दीच्या वेळी फोनपेक्षा मेसेज लवकर पोचतो; तो परगावच्या एकाच नातेवाइकाकडे पाठवायचा, असे आधी ठरलेले बरे.

आधार, शिधापत्रिका, सातबारा किंवा घराचा उतारा, बँकेचे पासबुक, विम्याचे कागद, लसीकरणाची कार्डे झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत एकत्र ठेवावीत. डिजिलॉकरमध्ये आलेली सरकारी कागदपत्रे मूळ प्रतीइतकीच ग्राह्य असतात.

रोख रक्कम हजार-दोन हजारच, पण लहान नोटांत हवी. वीज आणि नेटवर्क गेले की मोबाइलवरचे पैसे चालत नाहीत. त्यापुढची शिल्लक बचत गटात किंवा पोस्टाच्या आवर्ती ठेवीत जमवता येते; पोस्टात महिना १०० रुपयांपासून सुरुवात होते. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघाती विमा मिळतो आणि जीवन ज्योती योजनेत ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा. दोन्हींचे वर्ष १ जूनला सुरू होते, म्हणून मेअखेरीस खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो. विमा आहे हे वारसालाच माहीत नसणे हीही नेहमीची गोष्ट. म्हणून त्याची नोंद कागदपत्रांच्या पिशवीत असावी.

पुराच्या काठी

नदीकाठच्या घरांना वेळ मिळतो, तो वापरता आला पाहिजे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची अनुक्रमे ४० आणि ४५ फूट. इशारा पातळीलाच कागदपत्रे, औषधे, टॉर्च, शिधा आणि कपड्यांचा एक जोड अशी पिशवी दाराशी आणावी. घर सोडताना मेन स्विच पाडावा, सिलिंडर बंद करून बांधून ठेवावा, कारण तो पाण्यावर तरंगतो, आणि जनावरे हलवता येत नसतील तर त्यांची दावी सोडावीत.

वर्षातून दोनदा

हा सारा खर्च एका महिन्यात करायची गरज नाही. ब्रेकर सोडला तर चार-पाच महिन्यांत विभागून तो दोन हजारांच्या आसपास बसतो. त्यानंतर राहते ती देखभाल: पावसाळ्याआधी एकदा आणि खंडेनवमीला हत्यारे-अवजारे पुसायला काढतात तेव्हा एकदा. टॉर्च चार्ज करावा, औषधांच्या तारखा पाहाव्यात, मुलांना नंबर पाठ आहेत का ते विचारावे. आणि ज्या घरात यातले अजून काहीच झालेले नाही, त्याने नंबरांच्या कागदापासून सुरुवात करावी. त्याला एक पैसाही लागत नाही.