कडी, बिजागरी आणि कुलूप

घराच्या दुरुस्तीचा विषय निघाला म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढें गळणारें छप्पर, ओल आलेली भिंत किंवा फुटलेला नळ उभा राहतो. दाराची कडी नीट बसत नाहीं, खिडकीची मूठ सैल झाली आहे, कुलुपांत किल्ली अडते, या गोष्टी तक्रारीच्या मानल्याच जात नाहींत. दार जरा उचलून लोटावें, किल्ली थोडी बाहेर ओढून मग फिरवावी, अशा युक्त्या घरांतील माणसें अंगवळणीं पाडून घेतात आणि आलेल्या पाहुण्यालाहि शिकवितात. या युक्त्या म्हणजे दोषाशीं केलेली तडजोड होय, आणि तडजोडीनें दोष नाहींसा होत नाहीं, वाढतो. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील कुटुंबें ज्या स्थित्यंतरांतून जात आहेत त्यामुळें या क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाला विशेष महत्त्व आलें आहे.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत, १९२० सालीं, शहराच्या वाढीसाठीं ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हें खातें निघालें. कामगारवर्गाला घरें मिळावीं म्हणून या खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें काँक्रीटच्या चाळी बांधल्या, आणि खात्याच्या नांवाचीं आद्याक्षरें त्यांना कायमचीं चिकटलीं. एकंदर २०७ चाळींपैकीं १२१ एकट्या वरळींत होत्या. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर मधून जाणारा लांब व्हरांडा, दोन्ही अंगांस खोल्या, आणि खोली १६० चौरस फुटांची, अशी ही रचना. एका चाळींत ८० बिऱ्हाडें नांदत. १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळींत सरकारनें वरळीच्या कांहीं चाळींचा तात्पुरता तुरुंगहि केला होता.

चाळीच्या संसारांत दाराला काम फार थोडें. दिवसभर तें उघडेंच. आडोशाला एक पडदा. कडी लागे ती रात्रीं, आणि कुलूप लागे तें गणपतीला किंवा शिमग्याला मंडळी गावीं जात तेव्हां. कडी अडली तर शेजारचा माणूस खांदा लावून दार ढकली, आणि कोणाचें दार सकाळीं वेळेवर उघडलें नाहीं तर समोरचें बिऱ्हाड चौकशीला येई. दाराचा दोष शेजारधर्मानें झांकला जात असे.

१४ ऑगस्ट २०२५ रोजीं वरळींतील पुनर्विकासाच्या पहिल्या टप्प्यांतील ५५६ कुटुंबांना म्हाडाकडून नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली जाऊन ५०० चौरस फुटांचें घर आलें. चार मजल्यांच्या जागीं चाळीस मजले उभे राहिले. एका खोलीला एक दार होतें, तेथें आतां शयनगृह, न्हाणीघर, शौचकूप यांना वेगवेगळीं दारें झालीं. बंद दाराआड राहण्याची ही संवय नवी आहे. उंच इमारतींतील बाहेरचें दार पुष्कळदां ओढलें कीं आपोआप लागतें, आणि त्याची तक्रार व्हरांड्यांत कोणाच्या कानावर जात नाहीं. म्हणून दाराची प्रकृति ओळखण्याची विद्या प्रत्येक कुटुंबानें हस्तगत केली पाहिजे. ती अवघड नाहीं.

या विद्येचें मुख्य सूत्र एकच आहे: दोष दिसतो एका जागीं आणि असतो दुसऱ्या जागीं. कुलूप लागत नाहीं म्हणून लोक कुलूप बदलतात. नवें कुलूपहि महिन्याभरांत तसेंच अडूं लागतें, कारण दुखणें बिजागरीचें असतें.

हें कसें घडतें तें थोड्या हिशेबानें स्पष्ट होईल. दार म्हणजे एका बाजूनें टांगलेलें वजन होय. तीन फूट रुंद व ३० किलो वजनाचें एक दार घ्यावें, आणि त्याच्या वरच्या व खालच्या बिजागरींत पांच फुटांचें अंतर धरावें. दाराचा भार मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून दीड फुटावर, एकवटलेला असतो. त्यामुळें वरची बिजागरी रात्रंदिवस सुमारें ९ किलोंच्या जोरानें चौकटींतून बाहेर ओढली जाते, आणि खालची तितक्याच जोरानें आंत दाबली जाते. मुठीला पांच किलोंची पिशवी अडकविली कीं या ओढींत आणखी सुमारें तीन किलोंची भर पडते. अर्थात् पहिल्यानें सैल होतात ते वरच्या बिजागरीचे स्क्रू. ती बिजागरी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, बाहेर आली तर दाराची मोकळी कड अर्ध्या सुताहून अधिक खालीं उतरते. कुलुपाची जीभ मग चौकटींतील पट्टीच्या भोंकासमोर न येतां त्याच्या कांठावर आपटते. किल्ली अडते ती येथें.

परीक्षा सोपी आहे. दार उघडें ठेवून किल्ली फिरवून पाहावी. उघड्या दारांत कुलूप लोण्यासारखें फिरतें आणि बंद केल्यावरच अडतें, तर कुलूप निर्दोष समजावें. त्यानंतर दार लावून चौकट व फळी यांमधील फट वरपासून खालपर्यंत न्याहाळावी. बिजागरीच्या बाजूला वर फट रुंद, आणि कुलुपाच्या बाजूला वरचा कोपरा घांसतो आहे, अशी स्थिति असेल तर दार लोंबलें आहे. शेवटीं दार अर्धें उघडून मुठीपाशीं हलकेंच वर उचलावें. वरची बिजागरी हालली तर निदान पूर्ण झालें.

उपचार करतांना आधीं दाराच्या मोकळ्या कडेखालीं लांकडी पाचर सारून दार मूळच्या जागीं उचलून धरावें. लोंबत्या दारावर स्क्रू आवळणें म्हणजे वांकडें हाड तसेंच बांधणें होय. स्क्रू पकड घेत असतील तर आवळले म्हणजे भागतें. भोंक मोठें होऊन स्क्रू नुसता फिरत असेल, तर बांबूच्या काड्या सरसांत बुडवून भोंकांत घट्ट ठोकाव्या, सरस वाळूं द्यावा, आणि मग पहिल्याहून थोडा लांब स्क्रू बसवावा. चौकट लोखंडी असून तिचे आटे झिजले असतील तर काड्यांचा उपयोग नाहीं. तेथें जाणत्या कारागिराकडून नवे आटे पाडून घ्यावे. बिजागरी कुरकुरत असल्यास शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. स्वयंपाकघरांतील तेल वापरूं नये. तें कालांतरानें चिकट होऊन धूळ धरतें, आणि धुळीची ती लुकण कानशीप्रमाणें धातू खाते.

लांकडी दाराचा दुसरा शत्रू पावसाळा. लांकूड ओल्या हवेंत फुगतें तें रुंदींत. लांबींत त्याची वाढ नगण्य असते. म्हणून आषाढ-श्रावणांत दार चौकटीला घट्ट होतें आणि घरोघरीं रंध्याची मागणी होते. परंतु पावसाळ्यांत रंधा मारलेलें दार हिंवाळ्यांत आटतें व कडेला कायमची फट राहते. तूर्त मेणबत्तीचा तुकडा घांसत्या कडेवर फिरवून काम चालवावें आणि छाटण्याचा विचार दिवाळीनंतर करावा. दाराच्या वरच्या व खालच्या कडेला रंग आहे कीं नाहीं हेंहि पाहावें. त्या कडा डोळ्यांना दिसत नाहींत म्हणून रंगाऱ्याकडून राहून जातात, आणि नेमकी तेथूनच ओल लांकडांत शिरते.

आतां प्रत्यक्ष कुलुपाकडे वळूं. वरळीकरांना या विद्येचें माहेर दूर नाहीं. आर्देशिर गोदरेज यांनीं १८९७ सालीं कुलपें बनविण्याचा कारखाना काढला तो लालबागलाच. नेहमींच्या तरफांच्या कुलुपांत पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक बसविलेल्या असतात. किल्लीचा प्रत्येक दांता आपापली पट्टी ठराविक उंचीवर उचलतो. सर्व पट्ट्यांच्या खांचा एका रेषेंत आल्या कीं जीभ सरकते. पट्टी कमी उचलली तरी अडते व जास्त उचलली तरी अडते. ही युक्ति इंग्लंडांत रॉबर्ट बॅरन यानें १७७८ सालीं योजिली. दुसरा प्रकार अमेरिकेंतील धाकटा लायनस येल यानें १८६१ च्या सुमारास रूढ केला. त्यांत पट्ट्यांऐवजीं बारीक खुंट्या असतात आणि किल्ली चपटी, करवतीसारखी असते. दोन्ही प्रकारांत सारा खेळ केसाएवढ्या अंतराचा आहे. म्हणून झिजलेल्या किल्लीवरून दुसरी किल्ली घडवूं नये. नकलेंत झीजहि उतरते. कारखान्यांतून आलेली एक किल्ली न वापरतां जपून ठेवावी व नक्कल करावयाची ती तिच्यावरून. किल्ली कोरडी अडत असेल तर शिसपेन्सिलीचें शिसें तिच्या दांत्यांवर घांसून ती दोनचार वेळां आंतबाहेर करावी. ही काळी भुकटी तेलासारखी धूळ धरीत नाहीं.

खिडक्यांची गोष्ट थोडी निराळी. उंच इमारतींत लांकडी झडपांच्या जागीं ॲल्युमिनियमच्या अथवा कठीण प्लॅस्टिकच्या चौकटी आल्या आहेत, आणि रहदारीचा आवाज अडावा म्हणून कित्येक ठिकाणीं दुहेरी कांचा बसविल्या जातात. एक चौरस मीटर कांच, जाडी एक मिलिमीटर असतां, अडीच किलो भरते. पांच-पांच मिलिमीटरांच्या दोन कांचा घेतल्या तर चौरस मीटरला २५ किलो होतात. एवढें ओझें बारीकशा पट्टीवर किंवा चाकांवर तोललेलें असतें. झडप खालीं उतरून घांसूं लागली कीं मूठ जोरानें पिळण्याची बुद्धि होते, आणि मुठीच्या आंतील चौकोनी दांडी ज्या जस्ती ओतकामांत बसते तें मऊ असल्यामुळें तडकतें. मूठ नुसती सैल असेल तर तिच्या बुडाचें झांकण बाजूला फिरवावें. आंत दोन स्क्रू सांपडतात. सरकत्या खिडकींत आधीं खालची पन्हळ झाडून घ्यावी, पाणी जाण्याचीं भोंकें मोकळीं करावीं, आणि मग चाकांची उंची ठरविणारा स्क्रू कडेला शोधावा. दोन कांचांच्या मध्यें धुकें धरलें असेल तर पुसण्याची खटपट व्यर्थ आहे. कडेचें सील फुटलें असें समजावें. ती जोडकांचच बदलावी लागते, चौकट नव्हे.

वरळीला समुद्र लागून आहे हें विसरतां कामा नये. खाऱ्या दमट हवेंत ॲल्युमिनियमला निराळ्या धातूचा स्क्रू भिडला कीं दोहोंमध्यें विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते व स्क्रूभोंवतीं पांढरी भुकटी जमते. तें ॲल्युमिनियमचें झिजणें होय. यासाठीं स्क्रूखालीं नायलॉनची चकती घालावी, साधे लोखंडी स्क्रू टाळावे, आणि शक्य तेथें ३१६ प्रतीचें न गंजणारें पोलाद वापरावें. महिन्यांतून एकदां गोड्या पाण्याचें फडकें फिरविलें तर मीठ सांचत नाहीं. झडप उचलून बाहेर काढण्याचें धाडस मात्र वरच्या मजल्यावर घरच्या माणसांनीं करूं नये. एक कांच निसटली तर खालीं चालणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. खिडकीची कडी लागत नसेल आणि घरांत लहान मूल असेल, तर ती दुरुस्ती त्याच दिवशीं झाली पाहिजे.

दाराच्या बाबतींतहि जिवाचाच प्रश्न आहे. वृद्ध माणूस न्हाणीघरांत घसरून पडतो, कडी आंतून लागलेली असते, आणि चाळीस मजल्यांच्या घरांत हांक भिंतीबाहेर जात नाहीं. म्हणून न्हाणीघराला बाहेरून नाण्यानें उघडतां येईल अशी कडी बसवावी. बाहेरच्या दाराचें कुलूप आंतून किल्लीवांचून उघडतें याची खात्री करावी. आगीच्या वेळीं धुरांत किल्ली सांपडत नसते. आंतल्या बाजूनें किल्ली कुलुपांत ठेवून झोंपूं नये, कारण मग कित्येक कुलुपांत बाहेरची किल्ली शिरत नाहीं. आणि एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवावी. चाळींत जें काम उघडें दार करीत होतें तें आतां या एका किल्लीनें करावयाचें आहे.

या साऱ्यासाठीं सुताराची पेटी लागत नाहीं. एक स्क्रू-ड्रायव्हर, एक कानस, तेलाची लहान बाटली, पेन्सिलीचा तुकडा, मेणबत्ती आणि चार बांबूच्या काड्या एवढें सामान पुरे. मृगापूर्वीं एकदां आणि दिवाळीनंतर एकदां घरांतील प्रत्येक दार उघडून, लावून, उचलून पाहावें. त्याला अर्धा तास लागतो, आणि कारागिराला बोलवावें लागलेंच तर दुखणें नेमकें कोठें आहे तें त्याला सांगतां येतें.