आवाज नको, संवाद वाढवा

चित्रपट सुरू असतो. नायिका हळू आवाजात काहीतरी सांगते आणि सोफ्यावरून प्रश्न येतो, ‘काय म्हणाली?’ आवाज वाढवला जातो. पुढच्याच प्रसंगात स्फोट होतो, खिडकीची तावदाने थरथरतात आणि रिमोट सापडेपर्यंत आतल्या खोलीतले बाळ जागे होते. मग होम थिएटर घ्यायचे ठरते आणि दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो, ‘किती वॅटचं आहे?’ खरे तर विचारायला हवे ते वेगळेच: ‘यात बोलणं स्पष्ट ऐकू येईल का?’

बोलणे न कळण्याची कारणे दोन आहेत. पहिले टीव्हीत आहे. टीव्ही पातळ झाले, तसे त्यांचे स्पीकर लहान झाले आणि अनेकदा खाली किंवा मागे तोंड करून बसवले जाऊ लागले. दुसरे कारण आपल्या कानात आहे. भाषेतल्या स्वरांमध्ये आवाजाचा जोर असतो, पण एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येतो तो मुख्यतः व्यंजनांमुळे. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने क्षीण आणि उच्च कंप्रतेची असतात. वय वाढते तशी नेमकी उच्च कंप्रता ऐकण्याची क्षमता आधी कमी होते. म्हणून घरातले ज्येष्ठ म्हणतात, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ अशा वेळी सरसकट आवाज वाढवला तर गोंगाटही तेवढाच वाढतो.

एव्ही रिसीव्हर उपयोगी पडतो तो इथे. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, प्लेअर यांच्याकडून आलेला ध्वनी तो वेगवेगळ्या वाहिन्यांत विभागतो, त्याची शक्ती वाढवतो आणि प्रत्येक स्पीकरला त्याचा वाटा देतो. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर. यातल्या मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरकडे चित्रपटातले बहुतेक संवाद येतात. रिसीव्हरमध्ये फक्त या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढवता येते. स्फोट तेवढाच राहतो, संवाद पुढे येतो.

आता वॅटचे गणित. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट भासायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज देणारे स्पीकर बाजारात सहज मिळतात. आपले नेहमीचे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. त्यामुळे साध्या दिवाणखान्यातले बरेचसे ऐकणे काही वॅटमध्येच भागते. खोक्यावरचा मोठा आकडा कधी एकच वाहिनी चालवून मोजलेला असतो. दोन वाहिन्या एकाच वेळी चालवून मिळणारा आकडा पाहावा. तसेच आपल्या स्पीकरचे ओहम रिसीव्हरला चालतात का, हेही तपासावे.

निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. टीव्हीशी एकाच केबलने जोडण्यासाठी एचडीएमआय ईएआरसी. खोलीचे मापन करणारा मायक्रोफोन. ऑडिसी, वायपीएओ, डिरॅक ही अशाच प्रणालींची नावे. सेंटर स्पीकरची पातळी वेगळी बदलण्याची सोय. आणि मोठे-लहान आवाज एकमेकांच्या जवळ आणणारा ‘नाइट मोड’. दहा-बारा फुटांच्या खोलीला ५.१ पुरेसे असते. छतावरचे स्पीकर नंतरही घेता येतात.

मांडणी निवडीइतकीच महत्त्वाची आहे. सेंटर स्पीकर टीव्हीच्या कपाटात खोल ढकलू नये. तो फळीच्या काठाशी ठेवून त्याचे तोंड बसणाऱ्याच्या कानाकडे वळवावे. समोरचे दोन स्पीकर मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे ३० अंशांवर आणि बाजूचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे ठेवावेत. वायर जोडताना लाल टोक लालला, काळे काळ्याला. एका स्पीकरचे उलटे झाले तरी खर्ज पोकळ वाटतो. मापन करताना पंखा बंद करावा, कुकर गॅसवरून उतरवावा आणि मायक्रोफोन स्टँडवर कानाच्या उंचीला ठेवावा. पहिले माप मुख्य बैठकीचे घेतात. आजी-आजोबांना ऐकू यावे म्हणून हा खटाटोप असेल, तर ती त्यांची जागा असावी. सबवूफर आणि इतर स्पीकर यांची विभागणी ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करावी. फरशी आणि मोकळ्या भिंतींवरून आवाज परावर्तित होतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. सतरंजी, जाड पडदे, पुस्तकांचे कपाट यांनी बराच फरक पडतो. रिसीव्हर तापतो, म्हणून त्याच्या वर आणि बाजूंना हवा खेळती हवी.

मापन झाल्यावर पडद्यावर ‘उणे ३०’, ‘उणे २५’ असे आकडे दिसतात. त्यात शून्य म्हणजे आवाज बंद नव्हे, तर साधारण चित्रपटगृहाची पातळी. तिथे मुख्य स्पीकरमधले क्षणिक आवाज १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. ९० डेसिबलला ती ४ तासांवर येते. कानातल्या सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून रिसीव्हरमध्ये कमाल आवाजाची मर्यादा घालून ठेवावी, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज घराच्या हद्दीवर त्यापेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. भिंतीतून आणि स्लॅबमधून सर्वांत जास्त जातो तो खर्ज. रात्री सबवूफर कमी करून नाइट मोड लावला की संवाद कळतात आणि वरच्या मजल्यावरचे लोकही झोपतात.

एवढे करूनही घरातल्या कुणाला शब्द कळत नसतील, टीव्हीचा आवाज सतत वाढवावा लागत असेल किंवा कानात गुणगुण होत असेल, तर आणखी एक स्पीकर घेण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्यावी. तिला वेदना नाहीत, सुई नाही, वेळही फारसा लागत नाही. आणि श्रवणयंत्राची गरज निघाली, तर ते टाळू नये. टीव्हीसमोरच नव्हे, जेवणाच्या ताटावरच्या गप्पांतही ते उपयोगी पडते.